वाचकांचे प्रश्न : शिरेतली जाळी, बसवलेली आणि विसरलेली

गेल्या अंकात मी अधोमहाशिरेतल्या फिल्टरबद्दल लिहिलं होतं. पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत तारांची एक छोटी जाळी बसवतात, ती ही. हल्ली बसवले जाणारे बरेचसे फिल्टर काम झाल्यावर काढता येतात, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. मी डॉक्टर नाही. रक्तवाहिन्यांत बसवायची उपकरणं डिझाइन करण्यात माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे तारेबद्दल मी ठामपणे बोलेन, पण पेशंटबद्दलचा निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच.

ताई, माझे वडील (वय ६६) चैत्रात स्कूटरवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, डोक्यातही रक्तस्राव झाला. हॉस्पिटलमध्ये असतानाच उजवा पाय सुजला. डॉप्लर केल्यावर मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. डोक्यातल्या रक्तस्रावामुळे रक्त पातळ करण्याची औषधं देता येईनात, म्हणून फिल्टर टाकला. आता दिवाळी आली. बाबा काठीशिवाय चालतात, रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही कधीच्या सुरू झाल्या. परवा फाइल चाळताना त्यात ‘रिट्रीव्हेबल’ असं लिहिलेलं दिसलं. म्हणजे तो काढायचा होता का? आम्हाला कोणी बोलावलं नाही.
— एक वाचक, सांगली

बहुधा हो. फिल्टर टाकण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: गुठळी होती आणि औषध देता येत नव्हतं. आता औषध सुरू आहे, बाबा चालते झालेत. ज्या कारणासाठी जाळी बसवली ते कारण उरलेलं नाही. मग ती आत का ठेवायची, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला तुम्ही मुळीच संकोचू नका.

तुम्हाला बोलावलं का नाही, याचा अंदाज मी करू शकते, कारण ही गोष्ट जगभर अशीच घडते. खुब्याचं ऑपरेशन एका डॉक्टरांनी केलं, डोक्याचं दुसऱ्यांनी पाहिलं, फिल्टर कॅथलॅबमध्ये तिसऱ्यांनी टाकला. डिस्चार्ज कार्ड लिहिलं चौथ्याने. फिल्टर टाकणाऱ्याला पेशंट पुन्हा दिसतच नाही आणि ज्यांना तो दिसतो ते हाडाचा एक्स-रे बघतात. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात काढता येणाऱ्या फिल्टरांपैकी प्रत्यक्षात काढलेले सरासरी ३४ टक्केच भरले होते. उरलेल्यांतले काही मुद्दाम ठेवलेले असणार, पण पुष्कळ असेच राहून गेलेले.

राहून गेले तर काय बिघडतं? पुष्कळदा काहीच नाही. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ऑगस्ट २०१० मध्ये इशारा दिला तेव्हा २००५ पासून त्यांच्याकडे ९२१ तक्रारी जमल्या होत्या. त्यांत ३२८ फिल्टर जागेवरून सरकलेले, १४६ ठिकाणी एखादा भाग सुटून वाहत गेलेला, ७० ठिकाणी शिरेच्या भिंतीला भोक पडलेलं आणि ५६ ठिकाणी तार तुटलेली. मे २०१४ मध्ये त्यांनी पुढचा हिशेब मांडला: फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोका टळला असेल, तर फिल्टर टाकल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांदरम्यान काढण्याचं पारडं जड होऊ लागतं. हे आकडेमोडीतून आलेलं अनुमान आहे. चोपन्नावा दिवस उलटला म्हणजे दार बंद झालं, असा त्याचा अर्थ कृपा करून घेऊ नका. वर्षानुवर्षं राहिलेले फिल्टरही काढले गेले आहेत. फिल्टरच्या टोकावरचा हुक शिरेच्या भिंतीत रुतला असेल तर काही केंद्रांत श्वासनलिकेसाठी वापरतात तसल्या चिमट्याने तो मोकळा करतात. तारांभोवती वाढलेला पडदा लेझरने सोडवणाऱ्या नळीलाही अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये याच कामासाठी परवानगी मिळाली. उशीर झाला की काम लांबतं आणि जोखीम वाढते, एवढं मात्र खरं.

आधी फाइलमधलं स्टिकर शोधा. फिल्टरच्या खोक्यावरचं स्टिकर सहसा ऑपरेशन नोटच्या पानावर चिकटवलेलं असतं. त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन गाठा. सांगलीत नसतील तर मिरज, कोल्हापूर, पुणे इथे चौकशी करा. ते बहुधा पोटाचा सी.टी. करायला सांगतील. फिल्टर तिरका झालाय का, त्याचे पाय, म्हणजे तारा, शिरेच्या भिंतीबाहेर गेलेत का, जाळीत गुठळी अडकलीय का, हे त्यात दिसतं. आणि गोळ्या मनाने बंद करू नका, काढायच्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

मॅडम, फिल्टर शिरेत घट्ट बसायला हवा आणि काढायच्या वेळी सहज सुटायलाही हवा. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. डिझाइनमध्ये हे कसं जमवतात? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा आपोआप विरघळणारा फिल्टर का बनवत नाहीत?
— मेकॅनिकलचा विद्यार्थी, पुणे

माझ्या कामाचा निम्मा भाग तू दोन ओळींत लिहिलास. सविस्तर सांगते.

आधी जाळीचा आकार. १९६७ मध्ये मायामीत डॉ. काझी मोबिन-उद्दीन यांनी छत्रीच्या आकाराचा फिल्टर आणला. काड्यांवर सिलिकॉनचा पातळ पडदा, पडद्याला भोकं. गुठळ्या अडत, पण भोकं बुजून पुष्कळ पेशंटमध्ये शीरच बंद होई. १९७३ मध्ये ओक्लाहोमाचे सर्जन लाझर ग्रीनफील्ड यांनी गार्मन किमेल या इंजिनिअरबरोबर पडदा काढून टाकला आणि नुसत्या तारांचा शंकू केला. किमेल तेलाच्या धंद्यातला माणूस. पाइपलाइनमधला गाळ प्रवाह न अडवता कसा धरायचा, हे त्याला ठाऊक होतं. शंकूचं टोक हृदयाकडे असतं, त्यामुळे गुठळी टोकात, म्हणजे प्रवाहाच्या मधोमध, जाऊन बसते आणि कडेने रक्त वाहत राहतं. वही घे आणि करून बघ: शंकू टोकापासून उंचीच्या ७० टक्के भरला, तर त्या जागी गुठळीची त्रिज्या शिरेच्या त्रिज्येच्या ०.७ पट. क्षेत्रफळ ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. जाळी दोन तृतीयांशाहून जास्त खोल भरली तरी शिरेचा निम्मा रस्ता मोकळा. शिवाय कडेने वाहणारं रक्त अडकलेली गुठळी हळूहळू झिजवतं. पन्नास वर्षांत पुष्कळ आकार आले, पण शंकू काही हटला नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. दोन अटी विरुद्ध आहेत, पण त्यांची दिशा वेगळी आहे, आणि सगळी चतुराई तिथेच आहे. रक्त खालून वर, हृदयाकडे वाहतं. गुठळी येऊन आदळली की फिल्टर वर सरकू पाहतो. म्हणून प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक आकडा असतो आणि तो वर सरकण्याला विरोध करतो. काढताना हीच ओढ दिलीस तर आकडा भिंत फाडेल. म्हणून फिल्टर ओढून काढायचाच नसतो. मानेतल्या शिरेतून नळी, म्हणजे शीथ, खाली आणतात. तिच्यातून तारेचा फास सोडून शंकूच्या टोकावरचा हुक पकडतात. मग हुक जागच्या जागी ताणून धरतात आणि शीथच खाली, फिल्टरवरून सरकवतात. मिटवलेल्या छत्रीवर कव्हर चढवावं तसे पाय आत मिटत जातात आणि आकडे भिंतीतून आतल्या बाजूला, शिरेच्या मध्याकडे सुटतात. धरून ठेवण्याचं बळ एका दिशेत, सोडवण्याची हालचाल त्याला जवळपास काटकोनात. नवख्या डॉक्टरांना प्रशिक्षण देताना आमच्याकडे हेच घोकून घेत: उजव्या हाताने ढकला, डावा हात हलवू नका.

कागदावर हे सुंदर दिसतं. शरीरात मात्र शीर म्हणजे पाइप नव्हे. तिचा व्यास साधारण २० मिलिमीटर, पण माणूस पालथा वळला, खोकला, खोल श्वास घेतला, की तो बदलतो. बऱ्याच फिल्टरांची मर्यादा २८ ते ३० मिलिमीटर असते. त्यात फिल्टर तिरका झाला, १५ अंशांच्या पुढे गेला, की टोकावरचा हुक भिंतीला टेकतो. टेकला की काही आठवड्यांत भिंतीचं अस्तर त्याच्यावर वाढतं. मग फास पकडणार कशाला? यावर उपाय म्हणून लांब पायांच्या वर आखूड हातांचा दुसरा मजला घातला, म्हणजे टोक मधोमध राहावं. टोक मधोमध राहिलं, पण आता भिंतीला टोचणाऱ्या तारा दुप्पट झाल्या. पाय भिंतीला समांतर ठेवले तर तिरकेपणा जवळजवळ जातो, पण लांबच लांब दांडी भिंतीला चिकटून राहते आणि अस्तराखाली लवकर गडप होते. एका बाजूला कमावलंस की दुसऱ्या बाजूला मोजावं लागतं.

तारेचंही तसंच. निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, निटिनॉल, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या आसपास पुढे आला. मॉरिस सायमन यांचा फिल्टर त्याचा होता: थंड सलाइनमध्ये मऊ सरळ तार, शिरेत ऊब लागली की ठरलेला आकार. त्याला १९९० मध्ये मंजुरी मिळाली. निटिनॉलचा मोठा गुण म्हणजे एकदाच ताणलास तर ६ ते ८ टक्के ताण सोसून तो पूर्ववत होतो, साधं स्टील अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वाकडं राहतं. म्हणून तो बारीक नळीत मावतो. पण पुन्हापुन्हा ताणलास तर गोष्ट वेगळी. कोटी फेऱ्यांचा हिशेब धरला की त्याची सुरक्षित मर्यादा अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. आणि फेऱ्या किती? मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाला २१,६००, वर्षाला सुमारे ७९ लाख. तीन महिन्यांसाठी आखलेली बारीक तार दहा वर्षं आत राहिली तर आठ कोटींच्या घरात वाकते. काढता यावा म्हणून तार बारीक आणि लवचिक केली, आणि कोणी काढलाच नाही, तर तीच बारीक तार तुटायला पुढे. त्यात लेझरने कापताना राहिलेला एखादा ओरखडा नीट पॉलिश झाला नसेल तर तडा तिथूनच सुरू होतो. माझ्या पहिल्या बॉसची सवय होती, ड्रॉइंगवर सही करण्याआधी विचारायचे, “हा विसरला गेला तर?” त्या वेळी मला हा प्रश्न इंजिनिअरिंगचा वाटायचा नाही. आज मी डिझाइनची सुरुवात तिथूनच करेन.

विरघळणाऱ्याबद्दल: अडचण विरघळण्यात नाही, समान विरघळण्यात आहे. सहा पायांपैकी एक आधी सुटला तर तुकडा रक्ताबरोबर थेट हृदयात, तिथून फुप्फुसात. आणि जाळीत गुठळी अडकलेली असतानाच जाळी विरघळली तर? म्हणून मधला मार्ग निघाला. २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या सेंट्री या फिल्टरमध्ये हात विरघळणाऱ्या धाग्याने मध्ये बांधलेले असतात. किमान ६० दिवस शंकू टिकतो, नंतर धागा जातो, हात उघडून भिंतीला टेकतात, रस्ता मोकळा. सांगाडा मात्र कायमचा आत. त्याहून मला आवडतो एंजल कॅथेटर, २०१६चा. आयसीयूत जांघेतून टाकायच्या सेंट्रल लाइनलाच, म्हणजे औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीलाच, फिल्टर जोडलेला. लाइन काढली की फिल्टर निघालाच, कारण जांघेतली अशी लाइन ठेवून कोणी पेशंटला घरी पाठवत नाही. त्यात धातूशास्त्र फारसं नवं नाही, पण कोणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून ठेवलेलं नाही. बघ, प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर या बाजूने विचार कर.

आपला लेख वाचला. काढता येणारे फिल्टर आले आणि फिल्टर टाकणंच सोपं झालं, हे आपण लिहिलं नाहीत. ‘काढता येतो ना, टाकून ठेवू’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. इंजिनिअरांनी सोय केली, डॉक्टरांनी ती वापरली, पेशंटला काय मिळालं?
— एक निवृत्त फिजिशियन, छत्रपती संभाजीनगर

डॉक्टरसाहेब, तुमचा रोख बरोबर आहे. अमेरिकेत २००३-०४ पासून काढण्याची परवानगी असलेले फिल्टर बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत फिल्टर टाकण्याचं प्रमाण चढत गेलं. २०१०च्या इशाऱ्यानंतर ते उतरलं.

फायद्याचं म्हणाल तर फ्रान्समधले दोन अभ्यास तुम्हाला ठाऊक असतीलच, वाचकांसाठी सांगते. १९९८च्या ‘प्रेपिक’मध्ये ४०० पेशंट होते, सगळ्यांना रक्त पातळ करण्याची औषधं, निम्म्यांना वर कायमचा फिल्टर. पहिल्या १२ दिवसांत फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण फिल्टरवाल्यांत १.१ टक्के, इतरांत ४.८. पण दोन वर्षांनी पायात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण उलटं झालं: २०.८ विरुद्ध ११.६. मृत्यूंत फरक नाही. २०१५च्या दुसऱ्या अभ्यासात काढता येणारा फिल्टर वापरला. तीन महिन्यांत पुन्हा फुप्फुसात गुठळी फिल्टर गटात ३ टक्के, बिनफिल्टर गटात १.५. म्हणजे ज्याला औषध देता येतं त्याला वरून फिल्टर घालून हाती काही लागलं नाही.

पण एक पाहा. हे दोन्ही अभ्यास औषध घेऊ शकणाऱ्यांवर झाले. सांगलीच्या बाबांसारखा, गुठळी आहे आणि डोक्यात रक्तस्रावही आहे असा पेशंट त्यांत नव्हता. अशांसाठी फिल्टर हाच हातातला उपाय असतो, आणि तुम्हीही तेव्हा तोच टाकला असता असं मला वाटतं. ‘टाकून ठेवू’ची जबाबदारी तुम्ही इंजिनिअर आणि डॉक्टरांत वाटलीत. तिसरा वाटेकरी मी सुचवते: काढायची तारीख न लिहिता फिल्टरच्या बिलावर शिक्का मारणारी व्यवस्था. टाकतानाच कागदावर तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून घेतलं तर नुसत्या पाठपुराव्याने काढण्याचं प्रमाण वाढतं, हा अनुभव बऱ्याच हॉस्पिटलांचा आहे. त्याला एक वही आणि एक फोन पुरतो.

आईच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. तेही असे काढता येतात का? काढावेत का?
— ठाणे

नाही, आणि गरजही नाही. फिल्टरवर अस्तर वाढणं ही आमची डोकेदुखी, स्टेंटवर अस्तर वाढणं हीच त्याची सुरक्षितता. उघड्या धातूवर गुठळी होऊ शकते, म्हणून तो झाकला जाईपर्यंत डॉक्टर दोन-दोन गोळ्या देतात. झाकल्यावर तो भिंतीचाच भाग होतो. विरघळणारा स्टेंट करून पाहिला गेला. त्यातला सर्वांत गाजलेला २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला आणि त्यात गुठळ्यांचं प्रमाण जास्त आढळल्यावर २०१७ मध्ये विक्रीतून गेला.

स्टेंटच्या कुळातलं काढता येणारं उपकरण बघायचं असेल तर मेंदूकडे पाहा. पक्षाघातात मेंदूच्या धमनीत अडकलेल्या गुठळीत जाळीदार नळी उघडतात, काही मिनिटं थांबतात, गुठळी जाळीत गुंतली की दोन्ही बाहेर ओढतात. ते मुळात फुग्यासारख्या फुगलेल्या धमनीच्या उपचारात आधार म्हणून केलेलं स्टेंट होतं. पूर्ण उघडल्यावरही ते परत आत घेता येतं, हा गुण पाहून २००८ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टच्या डॉक्टरांनी ते पक्षाघातात वापरलं. तिथे विसरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते सुटतच नाही, तारेला जोडलेलंच असतं.

फिल्टर असताना एमआरआय चालतो का? विमानतळावर वाजेल का?
— नाशिक

हल्लीच्या बहुतेक फिल्टरांना काही अटींवर एमआरआय चालतो. अटी मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून पुन्हा तेच: स्टिकरचा फोटो तंत्रज्ञाला दाखवा. विमानतळावर सहसा वाजत नाही.

ह्यांचा फिल्टर पुढच्या आठवड्यात काढायचा ठरलाय. मानेतून काढणार म्हणतात. मान कापतात का हो? फार भीती वाटते.
— एक वाचक, अकोला

मान कापत नाहीत, वहिनी. मानेच्या उजव्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीत बघून शिरेत सुई घालतात आणि तिच्या वाटेने काही मिलिमीटर जाडीची नळी. टाके बहुधा लागत नाहीत, दाबून ठेवलं की रक्त थांबतं. मानेत दाब जाणवतो, फिल्टर मिटताना काहींना पाठीत किंवा पोटात ओढ लागते. सरळ बसलेला फिल्टर असेल तर तासाभरात सगळं आटोपतं आणि पुष्कळ जण संध्याकाळी घरी जातात.

शिरेत रंगद्रव्य सोडून फोटो घेतात, म्हणून ह्यांना किडनीचा त्रास असेल, आधी कधी अशा इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आधीच सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे फोनवर न विचारता लिहून घ्या. फोटोत जाळीत मोठी गुठळी दिसली तर डॉक्टर त्या दिवशी काढणार नाहीत, काही आठवडे औषध देऊन पुन्हा बोलावतील. तसं झालं तर घाबरू नका, जाळीने तिचं काम केलं एवढाच त्याचा अर्थ.

आणि काढलेला फिल्टर दाखवा म्हणून सांगा. डॉक्टर स्वतःही तो तपासतात. कुठल्या मॉडेलला चार पाय असतात, कुठल्याला सहा, वर हात वेगळे. स्टिकरवरच्या मॉडेलला किती असायला हवेत ते विचारा आणि मोजून घ्या.